परक्याने राखलेला ठेवा कोणाचा?



दीक्षा घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात बहुतेक प्रत्येक कुटुंबाला एक टोमणा ऐकावा लागतो. शिरूरचा बाजार असो की दौंडची रेल्वे वसाहत, कोणी शेजारी, कोणी जुना सोयरा म्हणतोच, "तुमचा बुद्ध आता इथे कुठे राहिला? तो तर चीन-जपानवाल्यांचा!" आपण चिडतो. बुद्ध याच भूमीत जन्मला, याच भूमीत फिरला, असे ठणकावून सांगतो. हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. टोमणा मारणाऱ्याच्या तोंडून नकळत एक अर्धे सत्य निघून गेलेले असते. बुद्ध इथला, हे खरे. पण त्याच्या वचनांचा फार मोठा भाग इथे नष्ट झाला आणि परदेशात, परक्या लिपीत शिल्लक राहिला, हेही खरे.

मग प्रश्न उभा राहतो. घरच्यांनी हरवलेला ठेवा शेजाऱ्याने जिवापाड सांभाळला, तर तो ठेवा कोणाचा? जन्माने हक्क सांगणाऱ्याचा, सांभाळणाऱ्याचा, की तो वाचण्यासाठी कष्ट करणाऱ्याचा? आणि आपल्यासारख्या नव्याने धम्मात आलेल्या माणसांनी त्यावर हक्क सांगायचा तो कोणत्या आधारावर? भारतात, विशेषतः आपल्या पुण्यात, चिनी भाषेचा अभ्यास कसा सुरू झाला, त्याची हकीकत या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते. म्हणून आज ती आपल्यापुढे ठेवतो.

लेणी राहिली, ग्रंथ गेले

आपल्याच जिल्ह्यात जुन्नर आहे, कार्ले आहे, भाजे आहे. मुलाबाळांना घेऊन आपण तिथे जातो. दगडात कोरलेले स्तूप, विहार, दात्यांची नावे आजही दिसतात. कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांचीही नावे आहेत. म्हणजे परक्याला धम्मात जागा नव्हती असे कधीच नव्हते. पण त्या विहारांत बसून भिक्षू जे पाठ करीत, जे लिहीत, ते कुठे आहे? दगड उरला, पान उरले नाही. पाली त्रिपिटक सिंहलद्वीपाने जपले. संस्कृत व इतर भारतीय भाषांतले असंख्य बौद्ध ग्रंथ मात्र मूळ रूपात नाहीसे झाले. त्यांतले कितीतरी आज केवळ चिनी आणि तिबेटी भाषांतरांत सापडतात.

ही भाषांतरे एका दिवसात झाली नाहीत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून पुढे शेकडो वर्षे हे काम चालले. त्यात मध्य आशियातला कुमारजीव होता, आपल्या उज्जैनचा परमार्थ होता, चीनचा ह्युएनत्संग होता. ह्युएनत्संग इ. स. ६२९ मध्ये निघाला आणि ६४५ मध्ये परतला, तो ६५७ ग्रंथ घेऊन. उरलेले आयुष्य त्याने त्यांच्या भाषांतरात घालवले. त्याच्या हातून ७५ ग्रंथ चिनीत उतरले.

सांभाळणे म्हणजे काय, हे सांगणारी एक गोष्ट चिनी बौद्ध परंपरेत नोंदवलेली आहे. दरवर्षी वर्षावास संपला की भिक्षू विनयग्रंथाची पूजा करीत आणि त्या पोथीवर एक ठिपका देत. पिढ्या बदलल्या, गुरूंमागून शिष्य आले, ठिपके वाढत गेले. इ. स. ४८९ मध्ये कॅंटन येथे संघभद्र या भिक्षूने तो वर्षाचा ठिपका दिला, तेव्हा मोजदाद भरली ९७५. त्यावरून हिशेब केला, तर भगवंतांचे महापरिनिर्वाण इसवी सनापूर्वी ४८६ या वर्षी येते. या सनाविषयी विद्वानांत वाद आहेत, ते राहू द्या. पण वर्षाला एक ठिपका, असे जवळजवळ हजार वर्षांचे इमान ज्यांनी मनाशी धरले, त्यांना आपण परके कसे म्हणावे?

परक्याची साक्ष आणि बाबासाहेबांचा विवेक

चिनी लोकांनी आपले ग्रंथ राखले, तशीच आपल्या समाजाची साक्षही राखली. ह्युएनत्संग इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला होता. इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. या प्रदेशात शंभरांहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू आहेत, असेही तो सांगतो. ज्या महाराष्ट्रात पुढे बुद्धाचे नाव घेणारा सापडेना, त्या महाराष्ट्राचे हे चित्र आपल्या पोथ्यांत नाही. ते चिनी कागदावर आहे.

त्याच्या आधी, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, फाहियान आला. मध्यदेशाचे वर्णन करताना तो चांडाळांविषयी लिहितो. ते गावाबाहेर राहतात आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवतात, म्हणजे लोकांना त्यांच्यापासून दूर होता यावे. पेशवाईतले गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू ज्या समाजाच्या आठवणीत आहे, त्याला हे वाचून काय वाटेल, ते मी सांगायला नको.

आता इथे नीट लक्ष द्या. अस्पृश्यता केव्हा जन्मली, या प्रश्नाचा शोध परमपूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घेतला. त्यात त्यांनी या दोन्ही चिनी प्रवाशांना साक्षीला बोलावले. फाहियानची साक्ष इतकी बोलकी आहे की दुसरा कोणी असता तर तिच्यावरच खटला जिंकल्याचे जाहीर करून मोकळा झाला असता. बाबासाहेबांनी तसे केले नाही. त्यांनी विचारले, ही साक्ष कोणाविषयी आहे? फक्त चांडाळांविषयी. मग तिच्यावरून सर्व अस्पृश्यांविषयी अनुमान काढता येईल का? येणार नाही. म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि ह्युएनत्संगाची साक्ष तपासली. खाटीक, कोळी, नाचे, फाशी देणारे आणि भंगी यांची घरे खुणा करून वेगळी ठेवलेली आणि नगराबाहेर, असे त्याने नोंदवले आहे. ती व्यापक साक्ष त्यांनी ग्राह्य धरली. इतर पुराव्यांशी तिचा मेळ घालून, अस्पृश्यता इ. स. ४०० च्या सुमारास जन्मली, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. या निष्कर्षावर इतिहासकारांनी पुढे चर्चा केली आहे, पुढेही करतील. आपण घ्यायचा तो धडा वेगळा आहे. जो पुरावा आपल्या बाजूचा दिसतो, त्याचीही उलटतपासणी करायची, हा तो धडा.

बाबासाहेबांना चिनी भाषा येत नव्हती. इंग्रजी भाषांतरांवर त्यांना अवलंबून राहावे लागले. पालीसाठी मात्र त्यांनी स्वतः कष्ट उपसले आणि पाली शब्दकोशही रचला. एका आयुष्यात एवढे काम करणाऱ्या माणसाने आणखी किती करायचे? उरलेले काम आपल्या वाट्याचे होते.

पुण्यात चिनी अक्षरे कशी आली

आता पुण्याची हकीकत. गोव्याचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे फिरले, भिक्षू झाले, पाली शिकले. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. त्या वेळी पुण्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. ते १९४९ साली आले. पुण्याची कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. कोसंबींच्या हाताखाली तयार झालेले पुरुषोत्तम विश्वनाथ बापट पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि १९३२ साली डॉक्टर झाले. त्यांचा विषय पाहा. बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग' पालीत आहे. त्याच्याही आधीचा, उपतिस्साचा 'विमुत्तिमग्ग' मुळात हरवला आणि सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरात टिकला. बापटांनी हे दोन ग्रंथ प्रकरणागणिक शेजारी ठेवून ताडून पाहिले. तो अभ्यास १९३७ साली पुण्यातच पुस्तकरूपाने निघाला.

फर्ग्युसनमधील दुसरे प्राध्यापक वासुदेव विश्वनाथ गोखले. जर्मनीतील बॉन येथून १९३० साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. प्रतीत्यसमुत्पादावरचा एक छोटा ग्रंथ चिनीतून जर्मन भाषेत, असे ते काम. बुद्धाचा सिद्धांत, चिनी अक्षरे, जर्मन भाषा आणि काम करणारा मराठी माणूस! ज्ञान किती आडवाटांनी घरी येते पाहा.

याच काळात बंगालमध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात १९३७ साली 'चीन भवन' उघडले. चीनहून आलेल्या तान युन-शान यांनी त्यासाठी आपल्या देशातून पैसा आणि ग्रंथ गोळा केले. विश्वभारतीनेच १९५१ साली बापटांचे आणखी एक काम छापले. सुत्तनिपातातील अट्ठकवग्ग, म्हणजे बुद्धवचनांतला अत्यंत जुना मानला जाणारा भाग, तिसऱ्या शतकात चिनीत उतरला होता. त्याचे ते इंग्रजी भाषांतर. बापट पुढे दिल्ली विद्यापीठात १९५७ साली निघालेल्या बौद्ध अध्ययन विभागाचे प्रमुख झाले. १९७० साली, वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी हिराकावा या जपानी पंडिताबरोबर विनयाच्या एका चिनी टीकाग्रंथाचे भाषांतर पुण्याच्या भांडारकर संस्थेतून प्रसिद्ध केले. मूळ चिनी ग्रंथ कोणाचा? शेवटचा ठिपका देणाऱ्या त्याच संघभद्राचा!

मग १९६२ चे युद्ध झाले आणि चिनी शिकण्याचे कारणच बदलले. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात चिनी अभ्यासाचे केंद्र निघाले, ते प्रामुख्याने आजचा चीन, त्याचे राजकारण, त्याचा इतिहास समजून घेण्यासाठी. तीही गरजच होती. शेजाऱ्याची भाषा न शिकता त्याच्याशी मैत्री करता येत नाही आणि भांडणही धड करता येत नाही. आपल्या दौंडच्या गाडीने जिथे जाता येते, त्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि जखमींची सेवा करण्यासाठी चिनी बोलायला शिकले. १९४२ साली तिथेच वारले. कोणी ज्ञानासाठी शिकतो, कोणी करुणेसाठी, कोणी राज्यकारभारासाठी. भाषा तीच, हेतू ज्याचा त्याचा.

एक कडू प्रश्न

काही तरुण विचारतील, "सर, हे सगळे वरच्या जातींतले पंडित. त्यांनी आमच्या बुद्धावर पुस्तके लिहिली, त्याचे आम्हाला काय?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. १९२९ साली पुण्यात पर्वतीच्या मंदिरात प्रवेशासाठी अस्पृश्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा त्यांना मार खावा लागला. १९३२ साली बापट हार्वर्डचे डॉक्टर झाले, त्याच वर्षी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. एकाच शहराच्या दोन टोकांना ही दोन जगे होती. एका जगात बुद्धवचनाच्या चिनी आवृत्त्या ताडून पाहिल्या जात होत्या, दुसऱ्या जगात माणसांना माणूस म्हणून उभे राहायला जागा नव्हती. ज्ञानाच्या खोलीच्या किल्ल्या कोणाच्या हाती होत्या, हे विसरण्याचे कारण नाही.

परंतु यावरून ते ज्ञान आपले नाही, असा निष्कर्ष काढला तर आपण आपलीच फसवणूक करू. जातीवरून माणसाची किंमत ठरवू नये म्हणून आपण धम्मात आलो. मग जातीवरून पुस्तकाची किंमत कशी ठरवणार? काम खरे की खोटे, एवढेच विचारायचे. खरे असेल तर कृतज्ञतेने घ्यायचे, खोटे असेल तर पुराव्याने खोडायचे. खोडायचे असले तरी आधी वाचता आले पाहिजे. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या वडिलांना सही करता येत होती, वाचता येत नव्हते. वाचता न येणाऱ्या माणसाला कोणाचाही शब्द खरा मानावा लागतो, हे मी जवळून पाहिले आहे. ग्रंथांच्या बाबतीत आपला सगळा समाज आज त्याच जागी उभा राहिला, तर पदव्यांचा उपयोग काय?

मनाविरुद्ध जाणारी प्रत

आता सर्वांत अवघड गोष्ट सांगतो. ती लपवली तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

कालाम सुत्त आपल्या सर्वांना प्रिय आहे. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. धम्मात येण्याचे कारण विचारले तर आपल्यापैकी कितीतरी जण याच सुत्ताचे नाव घेतात. हे सुत्त पाली अंगुत्तर निकायात आहे. त्याची दुसरी प्रत चिनी मध्यम आगमात आहे, चौथ्या शतकाच्या अखेरीस भाषांतरित झालेली. त्या प्रतीत प्रसंग तोच, गाव तेच, लोक तेच. पण तिथे बुद्ध कालामांना शंका धरू नका असे सांगतो. शंकेतून संभ्रम वाढतो आणि परलोक आहे की नाही हे निश्चित जाणण्याइतके निर्मळ ज्ञान तुमच्यापाशी नाही, असे म्हणून तो स्वतःच त्यांना समजावून देतो.

मग काय करायचे? एक मार्ग असा की ही प्रत नाहीच असे वागायचे. दुसरा असा की चिनी भाषांतरकाराने घोटाळा केला असे न पाहताच म्हणून टाकायचे. दोन्ही मार्ग सोयीचे आहेत, आणि दोन्ही मार्गांनी गेलो तर ज्या सुत्ताची बाजू आपण घेतो तेच सुत्त आपण मोडतो. आपल्या ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे सांगणारे सुत्त केवळ आपल्या ग्रंथात आहे म्हणून मानायचे, हे कसले पारखणे?

तिसरा मार्ग अभ्यासाचा. दोन्ही प्रती शेजारी ठेवायच्या. वेगळे काय ते पाहायचे आणि समान काय तेही पाहायचे. दोन्ही प्रतींत वाईट कर्माची मुळे तीच सांगितली आहेत, लोभ, द्वेष आणि मोह. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य यांपासून दूर राहणे आणि सर्वांविषयी मैत्री बाळगणे हेही दोन्हीकडे आहे. हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकांना न विचारता, दोन परंपरांनी जे सारखेच जपले, त्याचा पाया अधिक पक्का. उरलेल्या भेदाविषयी घाईने निकाल द्यायचा नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले आहे की पाठांतराने चालत आलेल्या वचनांत चुका शिरल्या. भगवंतांच्या हयातीतच त्यांचे म्हणणे चुकीचे सांगितले गेल्याची पाच उदाहरणे त्यांनी दिली आहेत. म्हणून कोणते वचन बुद्धाचे, हे ठरवण्यासाठी त्यांनी विवेक आणि मनुष्यकल्याण यांच्या कसोट्या सांगितल्या. कसोटी लावायची तर सोने समोर हवे. एकच प्रत पाहणारा माणूस कसोटी लावत नाही, तो फक्त विश्वास ठेवतो.

यातून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते, असे मला वाटते. ठेवा जन्माने मिळत नाही. जन्मानेच मिळत असता तर ज्यांनी या भूमीत बुद्धाला विस्मृतीत ढकलले त्यांचाही तो ठरला असता. केवळ सांभाळल्यानेही तो कायमचा कोणाच्या मालकीचा होत नाही. सांभाळणारे आपल्या कृतज्ञतेचे धनी आहेत. जो कष्टाने वाचतो, प्रामाणिकपणे पारखतो आणि पारखलेले आचरतो, ठेवा त्याचा. धम्मात नव्याने आलेले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे, दोघांनाही यात समान संधी आहे. दीक्षेच्या दिवशी आपल्याला वारसा मिळाला असे आपण म्हणतो. खरे तर त्या दिवशी वारसा मिळवण्याची जबाबदारी मिळाली.

घरात काय करावे

आपल्या कितीतरी घरांत दूरदर्शन संचाशेजारी एक लठ्ठ, पोट सुटलेला, हसरा पुतळा असतो. दुकानदार त्याला 'लाफिंग बुद्धा' म्हणतो आणि तो ठेवला की पैसा येतो असे सांगतो. बंधूंनो, तो भगवान बुद्ध नाही. तो बुदाई नावाचा, दहाव्या शतकाच्या सुमाराचा चिनी भिक्षू. चिनी लोक त्याला मैत्रेयाचा अवतार मानतात. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करू नये. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पैसा आणणारा पुतळा बुद्धाच्या नावाने बसावा, हे अज्ञानाचे लक्षण आहे. चीनकडून आपल्याकडे आगमांचे ज्ञान यायला हवे होते, ते आले नाही. दुकानातला पुतळा मात्र आला. जिथे अभ्यास जात नाही, तिथे बाजार जातो.

प्रत्येक घराने चिनी शिकावे, असे मी म्हणत नाही. पण प्रत्येक घराने पालीतील निदान वंदना अर्थासह शिकावी. दहावी-बारावीच्या मुलामुलींना इंग्रजी चांगले यावे यासाठी आपण धडपडतो, ती धडपड योग्यच आहे. पण शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या एखाद्या मुलीला भाषांची आवड दिसली, तर "त्यात नोकरी कुठे आहे?" म्हणून तिला थांबवू नका. २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव मिरवणाऱ्या पुणे विद्यापीठात आज पाली आणि बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे. तैवानमधील एका बौद्ध संस्थेने १९९८ पासून चिनी त्रिपिटक संगणकावर आणून सर्वांना विनामूल्य खुले केले आहे. बापटांना ज्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, ते आज मुलांच्या खिशातल्या फोनवर आहे. आता अडसर किल्लीचा नाही, कष्टाचा आहे.

बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला 'मिलिंद' हे नाव दिले. प्रश्न विचारणाऱ्या परक्या राजाचे ते नाव. मिलिंद आणि नागसेन यांच्या संवादाचीही जुनी चिनी प्रत आहे. तीत पाली ग्रंथातल्या पहिल्या तीन भागांएवढाच मजकूर सापडतो, त्यामुळे पुढचे भाग नंतर जोडले गेले असावेत असे अभ्यासक मानतात. हे कळल्याने मिलिंदाची थोरवी कमी होत नाही. प्रश्न विचारण्याची परंपरा किती जुनी आणि किती दूर पसरलेली आहे, हेच त्यातून कळते.

पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "तुमचा बुद्ध चीन-जपानवाल्यांचा," तर चिडू नका. शांतपणे सांगा, "होय, त्यांनी जपला. आम्ही तो वाचायला शिकतो आहोत." मात्र हे वाक्य खोटे ठरू नये, एवढी काळजी घरोघरी घ्या.

जयभीम.